कमरेच्या उंचीचा पास

कॉलेजच्या बास्केटबॉल फायनलमध्ये संघाच्या बेचाळीस गुणांपैकी अठ्ठावीस एकटीने करूनही सर्वोत्तम खेळाडूचा कप तिला मिळाला नाही. तो मिळाला संघातल्याच चिमणीला, जिने जेमतेम चार गुण केले होते. हे तिच्या मनाला इतकं लागलं, की पुढची तीस वर्षं तिने चिमणीला साधा फोनही केला नाही.

कॉलेजचं जुनं कोर्ट पाडणार म्हणून आज सगळ्या मैत्रिणी जमल्या आणि गुडघ्यांना पट्टे बांधून, एकमेकींना हसत खेळायला उतरल्या. चिमणीने मान न वळवताच पास दिला. बॉल अलगद तिच्या कमरेपाशी आला, अगदी त्या फायनलमध्ये तिच्या प्रत्येक गुणाआधी यायचा तसा. राग कुठल्या कुठे गेला.

"अजून इतक्या खालीच देतेस गं?"

"हात विसरत नाहीत. त्या फायनलला तुझा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता ना."

ती जागीच थांबली. "हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सरांनी बाहेर बसवलं असतं मला."

"माहितीये," चिमणी म्हणाली. "म्हणून तर मीही गप्प राहिले."