वाळत घातलेली वस्ती

चौथ्या घरासमोरच्या दोरीवरही तसलाच शर्ट दिसला, तेव्हा घरमोजणीवाल्या बाई थबकल्या. चढ चढून त्यांच्या पायांचे तुकडे पडले होते. प्रत्येक अंगणात कपडे वाळत होते. माणूस मात्र औषधालाही दिसत नव्हता.

"सगळे रानात गेलेत," बरोबरचे आजोबा घाईघाईने म्हणाले. साऱ्या घरांच्या किल्ल्या त्यांच्याच खिशात वाजत होत्या. "वस्ती भरलेली आहे, ताई. बिनधास्त लिहा."

बाईंनी शर्ट चाचपले. सगळे एकाच मापाचे, एकाच हाताने रफू केलेले. लहान मुलाची एक चड्डी नाही कुठे. सोंग आणायचं तर थोडं तरी नीट आणावं! त्यांना हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

"आजोबा, ही घरं रिकामी आहेत."

आजोबा पायरीवर मटकन बसले. "रिकामी लिहिलीत तर वस्ती मोडतील. खाली गावात एक खोली देतील आणि इथली वीज तोडतील. तुम्ही कधी येणार ते कुणी सांगेना, म्हणून महिनाभर रोज सकाळी दारोदार कपडे वाळत घालतोय. मी इथेच जन्मलो हो. आम्हाला इथून हलवू नका."

बाईंची निम्मी नोकरी अशा बंद दारांपुढे उभं राहण्यात गेली होती. जिल्हाभर तेच. तरुण खाली गेलेले, म्हातारे वर उरलेले, मधे कुलपं. खोटं त्या कधी लिहीत नसत. पण आज जीव शिणला होता. चार घरं भरलेली दाखवली तर कुणाचं काय बिघडणार होतं? लिहून टाकू, त्यांनी ठरवलं.

शेवटचं घर आजोबांचंच होतं. ओट्यावर आजी होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी धरून तांब्या पुढे केला, तरी पाणी हिंदकळलं.

"ओढ्याचं आहे, पिऊन बघा," आजोबा आता खुशीत आले होते. "खालच्या खोल्यांत नुसते नळ!"

घरच्या कर्त्याला विचारलं की मोजणीचं काम भागत असे. ते झालं होतं. तरी पाणी पिऊन झाल्यावर, काहीतरी बोलायचं म्हणून बाईंनी विचारलं, "काय आजी, तुम्हालाही इथेच राहायचंय ना?"

"तिला काय विचारता, आमचं दोघांचं—"

आजींनी तांब्या खाली ठेवला. अंगणातल्या दोरीकडे पाहिलं, पलीकडच्या अंगणातल्या दोरीकडे पाहिलं.

"हे वाळत घालतात," त्या म्हणाल्या. "धुते मी."