मावशीचं नाव

“नको,” मावशी म्हणाली. “ते नाव नको.”

भाची बाळाला मांडीवर घेऊन पलंगावर बसली होती. बाळ अकरा दिवसांचं. टेबलावर जन्मनोंदणीचा अर्ज होता, मुलीच्या नावाची जागा सोडून सगळा भरलेला.

मुलीला तुझंच नाव ठेवते म्हटल्यावर मावशी थोडे आढेवेढे घेईल, मग डोळे पुसेल, असं भाचीला वाटलं होतं. मावशीने डोळे पुसले नाहीत. हातातल्या दुपट्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

जावयाचा विरोध नव्हता, नुसती थट्टा होती. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. या नावाच्या बायका हल्ली फक्त आपल्याच दुकानात येतात, त्याही मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर, असं तो म्हणे. चांगलं पाच अक्षरी नाव, मध्ये ठसठशीत जोडाक्षर. पोरगी पाळण्यातूनच चाळिशी मागेल.

भाची हसायची, पण ऐकत नव्हती. ती शाळेत भूगोल शिकवायची. तिच्या वर्गात एकाच नाजूक नावाच्या चार मुली होत्या; एकीला हाक मारली की चौघी उभ्या राहत. आपल्या मुलीचं नाव असं भुसभुशीत नको, हातात धरलं तर वजन लागेल असं हवं, असं तिचं म्हणणं.

खरं कारण वेगळं होतं. वडील ती पोटात असतानाच गेले होते. ती दीड महिन्याची असताना आई तापाने गेली. आईची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, तेव्हा एकोणीस वर्षांची. ती बाळाला घेऊन या शहरात आली, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली आणि लग्नाच्या भानगडीत पडली नाही.

शाळेच्या प्रत्येक कागदावर आईच्या रकान्यात मावशीचंच नाव होतं. तो रकाना रिकामा राहू नये म्हणून कोणीतरी आपलं स्वतःचं नाव देऊन टाकलं, ही गोष्ट भाची लहानपणापासून मनात जपून होती.

शाळा सुटली की ती एक्स्चेंजमध्ये जाई. लांबलचक खोली, भिंतीभर बोर्ड, त्यावर लुकलुकणारे दिवे. सात बायका ओळीने बसलेल्या, कानाला हेडफोन, दोन्ही हातांत वायरी. मागच्या स्टुलावर बसून ती गृहपाठ करायची. मावशी घरात कामापुरतं बोले, पण बोर्डापुढे बसली की तिचा आवाज साय धरल्यासारखा व्हायचा. कोणाकोणाची किती बोलणी तिच्या हातांतून पलीकडे गेली असतील. पुढे बोर्ड निघाले, वायरी भंगारात गेल्या. भाचीच्या कानात ती खोली मात्र अजून चालू होती.

त्याच दुपारी मावशीच्या तेव्हाच्या मुख्य ऑपरेटर बाई बाळाला बघायला आल्या. ऐंशी ओलांडलेल्या, पण आवाजात अजून जरब. नावाचा विषय निघताच त्यांनी भाचीची बाजू घेतली. मावशी चहा करायला आत गेल्यावर त्या जुन्या आठवणींत रमल्या. सुरुवातीला हिला नावाने हाक मारली तर ही वळूनच बघायची नाही, तीन-तीनदा मारावी लागे, असं त्यांनी सांगितलं. हेडफोनने पोरीचा कान गेला की काय, म्हणून त्यांनी तिला कानाच्या डॉक्टरकडेही नेलं होतं. कान ठणठणीत निघाला. डॉक्टर म्हणाले, लक्ष नसतं हिचं. यावर दोघी खूप हसल्या.

बाई गेल्यावर मावशी बाळाजवळ येऊन बसली. बाळाने तिचं बोट धरलं होतं.

“ठेवायचंच तर तुझ्या आईचं ठेव,” ती म्हणाली. “दोनच अक्षरं, गोड होतं. त्या नावाने कोणी हाक मारलेली ऐकून जमाना झाला.”

भाचीने समजुतीच्या सुरात सांगितलं, की आईवर राग नाही, पण आई तिने पाहिलीच नाही. तिच्यासाठी आई म्हणजे स्टुलावरून दिसणारी मावशीची पाठ. मावशीने बाळाचं दुपटं सारखं केलं. भाचीने तो होकार धरला.

दुसऱ्या दिवशी जावई अर्ज घेऊन नोंदणी कार्यालयात गेला. खिडकीतल्या कारकुनाने नाव वाचून विचारलं म्हणे, आजीचं नाव चुकून मुलीच्या जागी लिहिलंत का? जावयाने छाती काढून नाही म्हटलं. संध्याकाळी तो दाखला घेऊन आला. इतके दिवस थट्टा करणारा तोच आता बाळाला पूर्ण पाच अक्षरी नावाने हाका मारत होता.

भाचीने दाखला मावशीच्या हातात दिला. मावशीने चष्मा लावला. मुलीच्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं. मग जावयाला म्हणाली, जरा दार लोटून घ्या.

“रागावलीस?” भाचीने विचारलं.

“नाही गं. मी मॅट्रिकसुद्धा झाले नव्हते. मला कोण ऑपरेटर करणार होतं?” तिचा आवाज बोर्डापुढच्यासारखा झाला होता, मऊ, एकसारखा. “ऑपरेटर ताई होती. ती गेली, तेव्हा तिच्या पिशवीत इथल्या बदलीचा कागद होता. इथे तिला कोणी पाहिलेलं नव्हतं. तुला कडेवर घेतलं, तो कागद घेतला आणि येऊन हजर झाले.”

बाळ कुरकुरलं. मावशीने त्याला उचलून खांद्यावर घेतलं.

“हे नाव तुझ्या आईचं आहे. तुला आईचं म्हणून सांगितलं, ते माझं.”