तीन नंबरचा पंप

पार्सिपनी गावाजवळच्या प्लँटमध्ये तिथल्याच ऑपरेटर दिगंबरच्या बायकोने, यामिनीने, प्रत्येक पंपाला स्वतंत्र पीएलसी, म्हणजे छोटा नियंत्रक संगणक, बसवून त्याचा प्रोग्राम लिहिला होता. ती वारल्यावर आठ महिन्यांनी ते सगळे काढले आणि अख्खा प्लँट एकाच डीसीएसखाली, म्हणजे मध्यवर्ती नियंत्रण प्रणालीखाली, आला.

पहिल्याच दिवशी, दुपारी एकच्या ठोक्याला तीन नंबरचा पंप बंद झाला.

"काका, हा दोन मिनिटांचा स्टॉप जुन्या प्रोग्राममध्ये होता. नव्या सिस्टिममध्ये मी तो घेतलाच नाहीये," नवी इंजिनिअर इशिता म्हणाली. "होता तरी कशासाठी?"

"यामिनीचं टेबल पंपाशेजारी होतं. त्या आवाजात तिला फोनवर ऐकू यायचं नाही. एक वाजता ती मला इथे कंट्रोल रूममध्ये फोन करायची, जेवलास का विचारायला."

"सीरियसली, काका? त्यासाठी पंप बंद?"

दोन मिनिटं झाली, पाच झाली. इशिताने तीनदा स्टार्ट दिला, पण पंप हलेना.

दिगंबरने बंद फोन कानाला लावला. "जेवलो गं," तो हळूच म्हणाला.

पंप सुरू झाला नाही.

मग त्याने रोज भरलेलाच घरी परत जाणारा डबा उघडला.