आधी कोणाचं?

टीव्हीवर कुठल्याशा देशाचा मंत्री जुना नकाशा दाखवत होता. "हा मुलूख तीनशे वर्षांपूर्वी आमचा होता, म्हणून हे युद्ध."

आमचे हे म्हणाले, "बरोबर आहे. ज्याचं आधी, त्याचंच."

चहाला आलेला शेजारचा अँथनी म्हणाला, "मग भालू, तुझ्या वाडीतलं बावखल माझ्या पणज्यानं खणलंय. उद्यापासून पाणी माझं."

मी लग्न होऊन आले तेव्हापासून दोन्ही वाड्या त्याच तळ्यावर जगतात.

"त्याआधी तिथं आमची पानवेल होती," हे म्हणाले.

"त्याआधी आमचं भात."

असे मागे जाता जाता, एके काळी इथं नुसता समुद्र होता, एवढ्यावर दोघं थांबले.

दारात पाटी उतरवून बसलेली अर्नाळ्याची कोळीण मालन आत येऊन सोफ्यावर ऐसपैस बसली.



"मंग निघा दोगंबी. पानी होतं तवा आमीच होतो इथं."