पुठ्ठ्याचं दुकान

नातीच्या गटाला इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी युद्धकाळातलं दुकान करायचं होतं. पुठ्ठ्याच्या रिकाम्या फळ्या तयार झाल्या, तेव्हा मी भीतभीतच एक पाटी सुचवली: ‘उद्यापासून साखर माणशी पाव किलो’. मुलींना ती फार आवडली. एकीने लगेच फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला. पाटी धरलेला माझा अंगठाही त्यात आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात ही रेटारेटी. शेजारच्या वहिनींनी फोन माझ्यापुढे धरला. “बघा काका, युद्ध होणार म्हणतात. तुम्हीही घेऊन ठेवा.”

फोटोत माझा अंगठा होता.

कसाबसा आत घुसून मी दुकानदाराच्या कानाशी लागलो. “अहो, ती पाटी माझ्या नातीची आहे. शाळेच्या प्रोजेक्टची.”

“मला पटलं हो काका. यांना सांगता का?”

मी वळलो. एवढे चेहरे बघून मी अंगठा मुठीत लपवला.

दुकानदाराने उरलेल्या शेवटच्या पोत्याकडे पाहिलं, खडू उचलला आणि दारावर लिहिलं,

‘आजपासून साखर माणशी पाव किलो’.