पाय सुलटेच होते

मानमोडीच्या साथीत मेलेल्यांची नावं लिहून लिहून वामनरावांचं मन कचेरीतल्या कारकुनीवरून उडालं, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी ते लॉरी चालवू लागले. पण ती नावं गावोगावी रस्त्यात आडवी येत.

एका दुपारी अकोल्याकडे जाताना बार्शीटाकळीजवळ एका बाईनं हात केला. जुन्या खोडीनं त्यांनी आधी नाव विचारलं.

"मनकर्णा माळीण."

वामनरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे नाव तर त्यांनीच मेलेल्यांत लिहिलं होतं! भीतभीत त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं. पाय सुलटेच होते. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"अकोल्याले कोनाकडं चालली, बाई?"

"दीर म्हनते, मेलेल्या बाईले वाट्याचं वावर कायले पायजे?"

ती पुढे म्हणाली, "ज्या बाबूनं मले जितेपनी मेली लिवलं, त्याले हुडकून राहिली, भाऊ."