हिरड्यांतलं रक्त

“आत्याबाई, ह्या गोळ्या कुणी बंद केल्या?”

स्नेहलने न फोडलेली दोन पाकिटं सासूसमोर, साळूबाईसमोर ठेवली. तिचा नवरा आदिनाथ जाऊन चार दिवस झाले होते. त्याचे कागद घेऊन ती आत्ताच नगरच्या दवाखान्यातून शेवगावला परतली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पायातली रक्ताची गाठ फुफ्फुसात जाऊन अडकली. गोळ्या चालू असत्या तर बहुतेक वाचला असता.

करोनात तो सव्वीस दिवस आयसीयूत होता. संसर्ग रक्तात पसरला, बीपी लागेना. डॉक्टरांनी दोनदा आशा सोडली. तरी तो उठला, काठी टेकत घरी आला. रक्त पातळ ठेवायची गोळी तीन महिने एक दिवसही चुकवू नका, असं गावच्या आशा आरोग्यसेविका अश्विनीने सासूसुनांना बजावलं होतं. स्नेहल दिवसभर कांदा निवडायला जायची. औषधं द्यायचं काम साळूबाईकडे आलं.

एका सकाळी दात घासताना लेकाच्या हिरड्यांतून रक्त आलं. साळूबाईने ते पाहिलं आणि ती गोळी गुपचूप बंद केली. मूठभर गोळ्यांतली एक कमी झाली, हे आदिनाथला कळलंही नाही.

आज स्नेहल यायच्या आधी अश्विनी भेटायला आली, तेव्हा साळूबाईने स्वतःच तिला सांगितलं होतं, “रक्त काढनारी गोळी म्या बंद केली हुती, पोरी. न्हाईतर लेकरू आधीच गेलं असतं.” अश्विनी अजून तिथेच, दाराशी बसून होती.

आता सुनेकडून डॉक्टरांचं बोलणं ऐकून म्हातारीने ती पाकिटं हातात घेतली. तिने सुनेकडे पाहिलं. या घरात आता दोघीच उरल्या होत्या.

“स्नेहल, म्या...”

“मी सांगितलं होतं,” अश्विनी मध्येच म्हणाली. “हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून त्यांनी मला विचारलं. मीच म्हणले, बंद करा.”

स्नेहलने दाराकडे बोट केलं.

“तुमच्या भरवशावर हुतो ताई आमी. परत ह्या दारात येऊ नका.”

अश्विनी पायरी उतरली. मागे कडी लागली. आतून साळूबाईचा हंबरडा ऐकू आला, आणि पाठोपाठ स्नेहलचा आवाज, “उगी, आत्याबाई, उगी. तुमचा काय दोष?”